आन्ना मान्यानीचा अभिनय आधी ऐकावा लागतो

इटालियन सिनेमावरचं काहीही वाचायला घ्या, आन्ना मान्यानीचं नाव आलं की एक ठरलेलं वाक्य येतंच: ही बाई अभिनय करत नाही, ती मुळात तशीच आहे. विस्कटलेले केस, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, साधा काळा झगा आणि अख्खी गल्ली दणाणून सोडणारा आवाज. वाक्य कौतुकाचंच असतं. पण त्यात तिने शिकण्यात घालवलेली वर्षं कुणी धरत नाही.

1945 साली ‘रोम, ओपन सिटी’ आला आणि मान्यानी जगाला दिसली, तेव्हा ती 37 वर्षांची होती. त्याआधी सोळाएक वर्षं तिने रंगमंचावर काढली होती. सुरुवातीला गंभीर नाटकांत किरकोळ भूमिका, नंतर गाणी, नकला आणि चुटक्यांच्या कार्यक्रमांत मुख्य आकर्षण. पडद्यावर जे नैसर्गिक वाटतं ते तिने तिकीट काढून आलेल्या आणि कंटाळा आला की लगेच तसं कळवणाऱ्या लोकांसमोर कमावलेलं होतं. त्यातला मोठा वाटा गाण्याचा. तिच्या कारकिर्दीत गाणं हा बाजूचा छंद नव्हता. तिचं बोलणंसुद्धा गाण्यातून आलेलं आहे, असं माझं मत आहे, आणि हा सगळा लेख त्याच मताच्या बाजूने आहे हे आधीच सांगून टाकतो.

तिचा जन्म 7 मार्च 1908 चा, रोममधला. वडील तिच्या आयुष्यात नव्हतेच, आडनाव आईचं. आई मारीना तिला आजीकडे सोपवून इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला गेली आणि तिथेच लग्न करून राहिली. त्यामुळे आन्नाचा जन्म इजिप्तचा, अशी कथा तिच्या हयातीतच पसरली होती आणि अजूनही कुठे कुठे छापून येते. ती वाढली रोममध्ये, आजी, मावश्या आणि मामाच्या घरात. शाळा ख्रिस्ती जोगिणींची, तिथे फ्रेंच आणि पियानो शिकली. म्हणजे ‘रस्त्यावरची पोर’ ही तिची प्रतिमा अर्धीच खरी. 1927 साली ती एलेओनोरा दूझे या थोर नटीच्या नावाने चालणाऱ्या नाट्यशाळेत दाखल झाली. तिथे सिल्व्हिओ द’आमिको हे त्या काळातले मोठे नाट्यसमीक्षक शिकवत. रीतसर शिक्षण झालं, नाटक कंपनीत काम मिळालं, पण भूमिका ‘बाईसाहेब, चहा तयार आहे’ छापाच्या.

1934 च्या सुमाराला तिने वाट बदलली. त्या काळी इटलीतल्या बऱ्याच थिएटरांत सिनेमा सुरू होण्याआधी एक छोटा जिवंत कार्यक्रम असे. त्याला ‘आवान्स्पेत्ताकोलो’ म्हणत. नाच, गाणं, दोन विदूषकांची जुगलबंदी, पुन्हा गाणं, मग पडदा खाली आणि सिनेमा. याचंच मोठं, खर्चिक रूप म्हणजे ‘रिव्हिस्ता’. प्रतिष्ठित मंडळी दोन्हींकडे नाक मुरडून पाहत. मान्यानी तिथे रुळली. लोक गप्पा मारत असतात, उशिरा येणारे खुर्च्या आपटत असतात, त्यांचं लक्ष मुख्य सिनेमाकडे असतं, आणि तुम्हाला तीन मिनिटांत त्यांना जिंकायचं असतं. आवाज कुठे चढवायचा, कुठे एकदम खाली आणायचा, हशा येणार हे ओळखून त्याच्या अर्धा क्षण आधी कसं थांबायचं, हे शिकवणारी याहून कडक शाळा नसेल.

1940 पासून ती तोतोबरोबर काम करू लागली. तोतो हा नेपल्सचा विनोदी नट, इटलीत आजही घराघरांत लाडका. लेखक मिकेले गाल्दिएरीच्या रिव्हिस्तांमधली ही जोडी युद्धाच्या काळात तुफान चालली. 1944 च्या सुरुवातीला, रोम जर्मनांच्या ताब्यात असताना, त्यांच्या एका कार्यक्रमाचं नाव होतं, ‘त्यांनी डोक्यात घेतलंय तरी काय?’ हे ‘ते’ कोण, हे रोममध्ये कुणाला सांगावं लागत नव्हतं. सेन्सॉरने आक्षेप घेतला आणि नावातलं ‘त्यांनी’ बदलून ‘तू’ करावं लागलं.

ती काय गायची? बऱ्याचदा ‘स्तोर्नेल्लो’. हा रोम आणि आसपासचा लोकगीताचा प्रकार. दोन-तीन ओळींचं कडवं, सुरुवातीला बहुधा एखाद्या फुलाला हाक आणि पुढे टोमणा, प्रेम किंवा शिवी. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने त्याच चालीवर उत्तर द्यायचं. आपल्या तमाशातल्या सवाल-जवाबाची झटापट डोळ्यांसमोर आणा, म्हणजे त्याची मजा लक्षात येईल. इथे सुरेल असण्यापेक्षा हजरजबाबी असणं महत्त्वाचं. मान्यानीचा आवाज मखमली नव्हताच. थोडा घोगरा, छातीतून येणारा, शब्द चावून बोलणारा. गाणं आणि बोलणं यांच्यामधली भिंत त्यात फार पातळ होती.

आता इटालियन सिनेमातली एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर या आवाजाचं मोल कळणार नाही. 1930 च्या सुमाराला मुसोलिनीच्या सरकारने परभाषेतले संवाद पडद्यावर ऐकवायला मनाई केली. परदेशी सिनेमा इटालियनमध्ये डब करणं भाग पडलं आणि डबिंगचा मोठा व्यवसाय उभा राहिला. मग ती सवय देशी सिनेमालाही लागली. सेटवर आवाजाची फिकीर न करता चित्रीकरण करायचं, संवाद नंतर स्टुडिओत भरायचे. भरताना तो नटाचाच आवाज असला पाहिजे असं बंधन नव्हतं. चेहरा एकाचा, आवाज दुसऱ्याचा. आपल्याकडे पार्श्वगायन आहे, तिथे पार्श्वबोलणं होतं असं म्हणा. क्लाउदिया कार्दिनाले मोठी नटी झाली तरी प्रेक्षकांनी तिचा स्वतःचा आवाज दिग्दर्शक फेलिनीच्या 1963 च्या ‘साडेआठ’मध्ये पहिल्यांदा ऐकला. सोफिया लॉरेनने 1953 च्या ‘आयडा’मध्ये ओठ हलवले, गाणं ऑपेरा गायिका रेनाता तेबाल्दीचं. अशा उद्योगात मान्यानीचा चेहरा दुसऱ्या कुणाच्या आवाजाला देता येणंच अशक्य होतं. तो आवाज काढून घेतला तर मागे काय उरणार?

तरीही सिनेमावाल्यांना तिचं काय करावं हे बराच काळ कळलं नाही. तिचा पहिला ठळक सिनेमा 1934 चा. 1935 मध्ये तिने गोफ्रेदो आलेस्सांद्रीनी या दिग्दर्शकाशी लग्न केलं. लग्न टिकलं नाही, पण इटलीत घटस्फोटाचा कायदाच 1970 पर्यंत नव्हता, त्यामुळे कागदोपत्री ते तीन दशकांहून अधिक काळ चालू राहिलं. त्या काळात इटलीचा पडदा चकचकीत दिवाणखान्यांचा आणि गोऱ्यागोमट्या नायिकांचा. हिच्या वाट्याला नायकाला नादी लावणारी गायिका वगैरे. 1941 मध्ये दिग्दर्शक वित्तोरिओ दे सिकाने तिला ‘तेरेझा व्हेनेर्दी’मध्ये अशीच एक उथळ, भडक रंगमंचीय गायिका दिली आणि तिने ती इतकी मजेदार केली की बाकीचा सिनेमा तिच्यासमोर फिका पडतो. 1942 च्या ऑक्टोबरात तिला मुलगा झाला, लुका. वडील नट मास्सिमो सेरातो. तेही नातं टिकलं नाही, मुलाला तिने आपलं आडनाव दिलं. लहानपणीच त्याला पोलिओ झाला. त्याच्या उपचारांचा खर्च हा पुढे तिच्या कामामागचा मोठा रेटा होता. दिग्दर्शक विस्कोंतीला त्याच्या पहिल्या सिनेमासाठी ती हवी होती, पण गरोदरपणामुळे ती संधी गेली.

मग ‘रोम, ओपन सिटी’. 4 जून 1944 ला रोम मुक्त झालं आणि जानेवारी 1945 मध्ये रोबेर्तो रोसेलिनीने चित्रीकरण सुरू केलं. उत्तर इटलीत युद्ध अजून चालू होतं. फिल्म मिळत नव्हती, वीज बेभरवशाची, पैसे नाहीत. आवाज चित्रीकरणाबरोबर मुद्रित करणं परवडणारं नव्हतं, संवाद नंतर भरले. या सिनेमापासून जगाला ‘निओरिॲलिझम’, म्हणजे नववास्तववाद, माहीत झाला. सोप्या शब्दांत: स्टुडिओऐवजी खरे रस्ते, राजे-सरदारांऐवजी कामगार, बेकार, विधवा, आणि बऱ्याचदा नटांऐवजी साधी माणसं. या शेवटच्या मुद्द्यावर फार जोर दिला जातो. पण ज्या सिनेमापासून ही चळवळ मोजतात त्यातल्या दोन मुख्य भूमिका कुणी केल्या? मान्यानी आणि आल्दो फाब्रित्सी. दोघंही रंगमंचीय करमणुकीतले मुरलेले विनोदी कलाकार! दोघं त्याआधी 1943 मध्ये ‘काम्पो दे फिओरी’ या विनोदी सिनेमात एकत्र होते, तो मासेविक्या आणि ती फळवाली.

मान्यानीची पिना ही व्यक्तिरेखा तेरेझा गुल्लाचे या बाईवरून घेतलेली आहे. 3 मार्च 1944 ला रोममधल्या एका बराकीसमोर, पकडून नेलेल्या नवऱ्याकडे धावणाऱ्या तेरेझाला जर्मन सैनिकाने गोळी घातली. पाच मुलांची आई, पुन्हा गरोदर. सिनेमातली पिनाही गरोदर आहे आणि त्याच दिवशी तिचं लग्न आहे. होणाऱ्या नवऱ्याला, फ्रांचेस्कोला, ट्रकमध्ये कोंबून नेतात. ती सैनिकांच्या हातातून निसटते आणि त्याचं नाव ओरडत ट्रकमागे धावते. गोळ्या सुटतात, ती रस्त्यावर कोसळते. सिनेमा अजून निम्मा बाकी आहे आणि नायिका संपली.

हा प्रसंग लक्ष देऊन पाहिला तर दिसतं की त्याच्या आजूबाजूला चक्क एक फार्स चालू आहे. शस्त्रं लपवण्यासाठी पाद्री एका म्हाताऱ्याच्या अंत्यविधीचं सोंग करतो, म्हातारा निपचित पडायला तयार नसतो, म्हणून त्याला तव्याचा तडाखा मिळतो. हा शुद्ध रिव्हिस्तातला विनोद. पटकथेवर काम करणाऱ्यांत तरुण फेलिनीही होता. प्रेक्षक हसतात, आणि ते हसू ओठांवर असतानाच पिना मरते. हे वळण ज्या वेगाने येतं ते पेलायला साधा, निरागस चेहरा पुरला नसता. त्याला असा गळा हवा ज्याला एका कडव्यात हसवून पुढच्या कडव्यात रडवायची सवय आहे. 1946 मध्ये सिनेमाला कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कारात वाटा मिळाला. 1952 च्या जानेवारीत मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला, त्यात दे सिकाच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’सोबत हाही दाखवला गेला होता.

रोसेलिनी आणि ती काही वर्षं एकत्र होते, कडाडून भांडत आणि काम करत. 1948 च्या ‘लामोरे’मध्ये दोन कथा आहेत आणि दोन्ही तिच्या. पहिलीत एक बाई खोलीत एकटी, सोडून चाललेल्या प्रियकराशी टेलिफोनवर बोलते. पलीकडचं आपल्याला ऐकू येत नाही, अर्ध्या तासाहून जास्त वेळ फक्त तिचा आवाज. दुसरीत ती शेळ्या राखणारी भोळसट बाई आहे. वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला (हा फेलिनी) ती संत जोसेफ समजते आणि गरोदर राहते. न्यूयॉर्कमध्ये यावर धर्मनिंदेचा ठपका ठेवून परवाना काढून घेतला गेला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1952 मध्ये न्यायालयाने प्रथमच म्हटलं की सिनेमालाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे. 1915 पासून तिथे सिनेमा हा निव्वळ धंदा मानला जात होता. एका इटालियन गुराखिणीच्या गोष्टीने अमेरिकेचा कायदा हलवला, ही गंमत चित्रपटाच्या इतिहासात फार कमी सांगितली जाते.

त्यानंतर रोसेलिनी इंग्रिड बर्गमन या नटीकडे गेला. तो बर्गमनला घेऊन स्ट्रॉम्बोली बेटावर सिनेमा करत होता, तर मान्यानी जवळच्याच व्हुल्कानो बेटावर दुसरा. दोन्ही ज्वालामुखींची बेटं, पत्रकारांची दिवाळी. फेब्रुवारी 1950 मध्ये हिच्या सिनेमाच्या पहिल्या खेळाच्या रात्रीच बर्गमनला मुलगा झाल्याची बातमी आली आणि वार्ताहर तिकडे पळाले. हा रोसेलिनी पुढे 1957 मध्ये भारतातल्या प्रेमप्रकरणामुळे आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही गाजला. पण तो विषय वेगळा, आणि मान्यानीला नेहमी त्याच्याच गोष्टीतलं एक प्रकरण करून टाकतात याचा मला कंटाळा आहे.

तिचं सर्वात चांगलं काम कुठलं? माझं मत विस्कोंतीच्या 1951 च्या ‘बेल्लिस्सिमा’ला. घरोघर जाऊन इंजेक्शनं देणारी माद्दालेना आपल्या लहान मुलीला सिनेमात घालायला धडपडते. साठवलेले पैसे उडवते, नवऱ्याशी भांडते, ठगांना भुलते. शेवटी मुलीची स्क्रीन टेस्ट पाहून स्टुडिओतले लोक खदखदून हसतात, ते ती चोरून पाहते आणि चालून आलेला करार नाकारते. मध्ये एक छोटा प्रसंग आहे. आरशासमोर केस विंचरताना ती स्वतःशीच विचार करते, अभिनय म्हणजे असतं तरी काय? मी स्वतःला दुसरीच कुणी समजले, दुसरीच असल्याचं सोंग केलं, की झाला अभिनय. ‘अभिनय न करणारी’ बाई कॅमेऱ्यासमोर अभिनयाची व्याख्या करते, तीही बोलता बोलता.

मग हॉलिवूड. नाटककार टेनेसी विल्यम्सने ‘द रोज टॅटू’ तिला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं होतं. इंग्रजी तितकं येत नाही म्हणून ब्रॉडवेवर ते करायला तिने नकार दिला. 1955 मध्ये सिनेमा झाला तेव्हा मात्र केला, बर्ट लँकेस्टरबरोबर. त्यासाठी मार्च 1956 मध्ये सर्वोत्तम अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. अभिनयाचं ऑस्कर मिळवणारी ती पहिली इटालियन. समारंभाला ती गेलीच नव्हती, पुरस्कार सिनेमात तिची मुलगी झालेल्या मारिसा पाव्हानने घेतला. 1957 च्या ‘वाइल्ड इज द विंड’मध्ये ती ‘स्काप्रिच्चातिएल्लो’ हे नेपल्सचं गाणं गाते. त्या सिनेमासाठी बर्लिनला पुरस्कार आणि ऑस्करचं दुसरं नामांकन मिळालं. 1960 मध्ये मार्लन ब्रँडोसोबत ‘द फ्युजिटिव्ह काइंड’ आला, दोघं थोर असूनही जमला नाही. तिच्या इंग्रजी सिनेमांत मला नेहमी एक अडचण जाणवते: परकी भाषा बोलताना तिचा वेग अर्धा होतो आणि विनोद निसटतो. ऑस्करमुळे ती जगभर पोचली, पण तिचं खरं वजन त्यात दिसत नाही.

त्याच सुमाराला एक नकारही तिने दिला. ‘ला चोचारा’ या सिनेमाची योजना होती मान्यानी आई आणि सोफिया लॉरेन मुलगी अशी. मान्यानीला सोफियाची आई व्हायचं नव्हतं. शेवटी दे सिकाने पंचविशीतल्या सोफियालाच आई केलं आणि सोफियाला ऑस्कर मिळालं.

1960 मध्येच ‘रिझाते दि जोया’त ती आणि तोतो पुन्हा एकत्र आले. दोन उतारवयातले एक्स्ट्रा, 31 डिसेंबरची रात्र, आणि मध्ये दोघं मिळून ‘जेप्पिना जेपी’ हे गाणं करतात. युद्धाच्या दिवसांत रोमच्या थिएटरांत काय चालत असेल, याचा आपल्याला मिळणारा हा सर्वात जवळचा पुरावा.

दिग्दर्शक पासोलिनीच्या ‘मम्मा रोमा’ची (1962) सुरुवातच गाण्याने होते. शरीरविक्रयाच्या धंद्यातून सुटणारी मम्मा रोमा आपल्या दलालाच्या लग्नात येते, तीन डुकरं हाकत. मग नवरदेव, नवरी आणि ती यांच्यात स्तोर्नेल्लोंची फैर झडते. वर हसणं, खाली हिशेब चुकते करणं. पासोलिनीला नट नको होते, झोपडपट्टीतले चेहरे हवे होते, आणि तो तुकड्या-तुकड्यांत चित्रीकरण करायचा. मान्यानीला भावनेचा पल्ला एका दमात घ्यायची सवय. दोघांचं जुळलं नाही आणि पुढे पासोलिनीने तिची निवड पूर्ण साधली नाही असं म्हटलं. पण रात्रीच्या रस्त्यावर ती बोलत चालते, माणसं अंधारातून येऊन तिच्याबरोबर चार पावलं टाकून गळून जातात, ती लांबलचक दृश्यं पाहा. त्याला जे खटकलं तेच तिथे सिनेमाला तोलून धरतं.

नंतर सिनेमा कमी झाला. रंगमंचावर ती परतली, 1965 मध्ये झेफिरेल्लीच्या दिग्दर्शनाखाली ‘ला लुपा’ केलं. आणि 1971 मध्ये दूरचित्रवाणीसाठी आल्फ्रेदो जान्नेत्तीची मालिका, तीन बायकांच्या तीन कथा. त्यातल्या ‘ला शान्तोझा’मध्ये ती पहिल्या महायुद्धातली उतरणीला लागलेली गायिका आहे. सैनिकांच्या करमणुकीसाठी आघाडीवर बोलावलंय, म्हणून खुशीत निघते. राष्ट्रध्वज अंगाभोवती गुंडाळून देशभक्तीचं गाणं म्हणायची तयारी. पडदा उघडतो तर समोर हात-पाय गमावलेले, पट्ट्या बांधलेले तरुण. तिला ते गाणं म्हणवत नाही. ती ‘ओ सुर्दातो न्नाम्मुरातो’ सुरू करते, घरापासून दूर प्रेयसीला आठवणाऱ्या शिपायाचं 1915 चं नेपल्सचं गाणं. आवाज तेव्हा पार झिजलेला आहे, वरचा सूर गाठताना ताण ऐकू येतो. हळूहळू सैनिक साथ देऊ लागतात. इथे गाणं कुठे संपलं आणि अभिनय कुठे सुरू झाला हे मला कधीच सांगता आलेलं नाही.

फेलिनीच्या 1972 च्या ‘रोमा’त ती काही क्षण दिसते: रात्री घराच्या दारात, फेलिनी मागून तिला रोमचं प्रतीक वगैरे म्हणतोय, ती त्याला जाऊन झोप म्हणते, तुझ्यावर माझा भरवसा नाही म्हणते आणि दार लावून घेते. 26 सप्टेंबर 1973 ला कर्करोगाने ती गेली. शेवटच्या दिवसांत रोसेलिनी सोबत होता. अंत्ययात्रेला रोममध्ये प्रचंड गर्दी झाली आणि शवपेटी बाहेर आली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पाहायची सुरुवात ‘रोम, ओपन सिटी’पासून करू नका, असं मी सांगेन. तिथे तिची वेळ कमी आहे आणि इतिहासाचं ओझं जास्त. आधी ‘बेल्लिस्सिमा’, मग ‘मम्मा रोमा’ची पहिली दहा मिनिटं, मग ‘ला शान्तोझा’तलं गाणं, ते वेगळंही पाहायला मिळतं. एवढं बघून मग मागे 1945 ला जा. आणि तिच्या इटालियन सिनेमांच्या इंग्रजीत डब केलेल्या प्रती मिळाल्या तर सरळ बाजूला ठेवा. मूळ इटालियन आवाज आणि खाली उपशीर्षकं असलेलीच प्रत घ्या, भले एक अक्षर कळत नसो.